खांद्यावरचा हात

फॉर्मवर सही करायची आणि निघायचं, एवढंच माझं काम होतं. पण मी चुकीचं दार उघडलं, आणि समोरच्या पडद्यावर मीच हसत होते. माझ्या खांद्यावर एक हात होता... आणि त्या हातामागे माणूसच नव्हतं!

"हा हात कोणाचा?" मी ओरडलेच.

कॉम्प्युटरवर फोटो सुधारत बसलेला मुलगा दचकून वळला. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. कान लालबुंद. "अरेच्चा... राहिला वाटतं."

"माझ्या ताईचा आहे तो. बाकीची ताई कुठेय?"

"त्या... कचरापेटीत. म्हणजे — कॉम्प्युटरच्या!"

मला फस्सकन हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

'जशी आहेस, तशी ये' ही त्या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात. आम्ही दोघी बहिणी शिवणकाम करतो. फोटोला दोघींना बोलावलं होतं. नंतर कंपनीच्या मॅडमचा फोन आला, तो मला एकटीलाच. ताईची कंबर माझ्यापेक्षा नऊ इंचांनी जास्त, टेप मीच लावते. यांचं 'जशी आहेस तशी' त्या नऊ इंचांत कुठेतरी संपत होतं. हे मला कळत होतं, तरी मी ताईला म्हटलं, "पुढच्या वेळी तुलाही घेतील गं." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी सुंदर म्हणत होतं. ते मला सोडवत नव्हतं.

"मला किती पुसलंत?" मी विचारलं.

"हनुवटीखाली जरा... दंडाला जरा. मॅडमनी यादी दिलीय." तो घुटमळला. "हसण्याला मात्र हात नाही लावला. कालपासून हा फोटो माझ्याच्याने संपत नाहीये."

"इतकं काम होतं?"

"छे. काम तासाभराचंच होतं."

छातीत शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं झालं. मी बसले, उठले, हातातला फॉर्म चुरगळला, पुन्हा सरळ केला.

"एवढं कशाला हसत होतात?" त्याने हळूच विचारलं.

"ताई कानात म्हणाली, 'पोट आत घेऊ नकोस, बटण मी घट्ट लावलंय.'"

तो हसला. मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं. हसू ठेवलं होतं आणि हसवणारीच कापली होती. केलेले बदल मागे घेणारी एकच कळ तो दाबत राहिला. माझे दंड परत आले, हनुवटी आली... आणि शेवटी अख्खी ताई आली, डोळे मिटून हसणारी.

"मॅडमशी मी बोलतो," तो म्हणाला.

"नको. ताई माझी आहे."

मॅडमना मी म्हटलं, दोघी, नाहीतर कोणीच नाही. त्या गोड हसल्या आणि फॉर्म परत घेतला. जिन्यात येईपर्यंत मी नीट होते, मग मात्र रडू कोसळलं. इतकं हवं होतं मला ते!

मागून धावत पावलं आली. तो होता, हातात गुंडाळी. "छापलाय. दोघींचा. काही न पुसता."

मी उलगडून बघत राहिले. तो जायचं नाव घेईना.

"खरं सांगू?" तो जिन्याच्या कठड्याशी बोलल्यासारखा म्हणाला. "मला तुम्ही आवडता. या फोटोतल्या... अशाच. काल तो हात पुसायला घेतला, तेव्हा वाटलं, तिथे माझा..."

मी डोळे पुसले.

"ताईचा डाव्या खांद्यावर आहे," मी म्हटलं. "तो तिथेच राहणार. उजवा मोकळा आहे."