खालचा सूर

१९९८ साल. रविवारी सकाळी कसबा बावड्यात ऑर्केस्ट्राचा म्होरक्या अरिहंत याच्या गोडाऊनमध्ये तालीम असे. साखर कारखान्याच्या मळीचा वास शटरखालून आत यायचा. प्रसेनजीत शिरोलीच्या कारखान्यात लेथवर टर्नर आणि इथं नऊ वर्षं बेस गिटारवर. कार्यक्रमाच्या शेवटी वादकांची नावंही तोच पुकारायचा.

गेल्या दिवाळीत अरिहंतनं जॅझच्या ढंगाची एक चीज बसवली. लय सुसाट, ठोक्यागणिक कॉर्ड बदलायची. दिवाळीच्या भर कार्यक्रमात प्रसेनजीतची बोटं मागं पडली. मग कोडोलीचे एक ड्रॉइंग मास्तर आले, सार्थक नावाचे. बेस त्यांच्याकडे गेला आणि प्रसेनजीतच्या हातात खंजिरी आली. मास्तरांचा हात चालताना बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जळत होता तो, दुसरं काय!

"त्या चीजेचा कागद मास्तरांस्नी उतरून दे की," अरिहंत म्हणाला.

प्रसेनजीतनं दिला. फक्त एका जागी ‘जी’ या सुराऐवजी अर्धा सूर वरचा ‘जी शार्प’ लिहिला. बेस म्हणजे घराचं जोतं. ते हललं की वरचं सगळं बेसूर होणार आणि मास्तरांची सगळ्यांदेखत फजिती.

पुढच्या रविवारी ती जागा आली. मास्तरांनी जी शार्प वाजवला.

काहीच बिघडलं नाही. अरिहंतची बोटं कीबोर्डवर अर्धा सूर वर सरकली होती. ट्रम्पेटही तिथंच लागला. ऐकायला गोड वाटलं.

"सूर बदललास व्हय?" प्रसेनजीतनं विचारलं.

"कुठं? पयल्यापासनं असंच हाय."

त्यानं मास्तरांकडून गिटार घेतली आणि त्या जागी आपला जुना जी वाजवला. ट्रम्पेटवाला पिराजी दचकून थांबला.

"पावणं, चुकतंय तुमचं."

नऊ वर्षांत पिराजीनं त्याला कधी परक्यासारखं पावणं म्हटलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं दिवाळीच्या कार्यक्रमाची कॅसेट लावली. तेव्हा मास्तर ऑर्केस्ट्रात नव्हतेच.

चीज सुरू झाली. बेस कुठंही मागं पडला नाही.

त्या जागी जी शार्प वाजला.

मग त्याचाच आवाज आला. "कीबोर्डवर अरिहंत. ट्रम्पेटवर पिराजी. आणि बेसवर आमचे मास्तर, सार्थक!"

टाळ्या पडल्या. टेप संपेपर्यंत तो कान देऊन बसला. टेपमधल्या त्याच्या आवाजानं त्याचं स्वतःचं नाव घेतलंच नाही.