वर फिरवलेला आरसा

मामा त्या रात्री घराबाहेर पडले ते बहिणीला आणायला. मंगळवार होता. पावणेबारा झाले होते, बहिणीची बस सव्वाबाराला यायची होती आणि बाहेर पांढरंशुभ्र चांदणं पडलं होतं. तेव्हा अमावस्या कुठे आहे असं मध्येच विचारू नका. ज्याला अमावस्याच हवी त्याने मोबाइलवर काहीतरी बघत बसावं. ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडली ते मामा आपल्याच टॅक्सी स्टँडवरचे. तुम्ही पोरं नंतर आलात.

मामांची एक खोड होती. अंधार पडला की ते गाडीतला आरसा छताकडे फिरवून ठेवायचे. मागे कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणी लाडात येतं, तो ज्याचा त्याचा संसार, आपण रस्ता बघावा, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चिडवायचो, "मामा, मागून ट्रक आला म्हणजे?" ते म्हणायचे, "बाजूचे आरसे काय मी दाढी करायला लावलेत?" गिऱ्हाइकांना मात्र मामा आवडायचे ते यासाठीच.

पण त्या मंगळवाराच्या बऱ्याच आधी एका रात्री त्यांच्या गाडीत दोघं बसले होते. एक चांगल्या कपड्यांतला, मऊ बोलणारा. दुसरा कॉलेजातला पोरगा, त्याला या पहिल्याने काखेत हात घालून आणलं होतं. "मित्र आहे, जरा जास्त झाली. झोपू दे त्याला." मामांनी सवयीने आरसा वर केला. थोड्या वेळाने पोरगा घोरायला लागला. ग्लासाच्या तळाशी उरलेलं सरबत नळीने ओढताना होतो ना आवाज, तसं ओलं, अडकत अडकत घोरणं. डाव्या हाताला दवाखाना आला. मामांनी गाडी हळू केली आणि विचारलं, "साहेब, आत घेऊ का?"

"झोपलेल्याला कशाला उठवता? सरळ चला."

मामा सरळ गेले. बागेच्या भिंतीपाशी तो पोराला तसंच काखेत धरून उतरला. सकाळी माळ्याला पोरगा बाकावर सापडला, गेलेला.

तो मऊ बोलणारा नशेची पावडर विकायचा. महिन्याभरात पकडला गेला, खटला उभा राहिला. विकल्याचं त्याने कबूलच केलं, त्याची शिक्षा ठरलेली होती. पण पोराच्या मरणाशी आपला संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने आपल्या हाताने घेतली, गाडीत बसण्याआधीच तो संपला होता, मी घाबरून प्रेत बाकावर ठेवून आलो, बस्स. सरकारी वकीलबाईंनी मामांना समोर बसवून सांगितलं, "दवाखान्यावरून गाडी गेली तेव्हा पोरगा जिवंत होता, हे सिद्ध झालं, तर त्याच्या मरणाचा जाब या माणसाला द्यावा लागेल. नाहीतर तो फक्त विक्रेता. आणि हे तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही."

मेलेला माणूस घोरत नाही, हे मामांना कळत होतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. त्यातच त्या माणसाचा मेहुणा स्टँडवर येऊन चहा पिऊन गेला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. "मामा, खोटं बोला असं कोण म्हणतंय? आरसा वर होता, मला दिसलं नाही, एवढंच म्हणा. खरंच आहे की ते. घोरत होता म्हणालात तर पुढचा प्रश्न तुम्हालाच येईल. दवाखाना आला तेव्हा गाडी कोण चालवत होतं?"

हे मामांच्या वर्मी लागलं. शिवाय आधीच्या तारखेला पोराची आई कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्याजवळ आली होती. "सगळे म्हणतात झोपेतच गेला. तुमच्या गाडीत होता ना हो? शांत झोपला होता ना?" मामांना तिच्या तोंडाकडे बघवेना. "हो ताई, अगदी शांत होता," म्हणून मोकळे झाले. आता तो शब्द कसा फिरवायचा? शेवटी त्यांनी ठरवलं, दिसलं नाही म्हणायचं आणि सुटायचं. साक्ष बुधवारी सकाळी होती. आणि ही त्याआधीची, मंगळवारची रात्र.

तर मामा निघाले. आरसा वर. गाडीत एकटेच. रस्ता रिकामा. पूल ओलांडला आणि मागून आवाज आला.

घर्रर्र...

त्यांना वाटलं चाकात काही अडकलंय. उतरून चारी चाकं बघितली. काही नाही. बसले. गाडी सुरू केली.

घर्रर्र... ओलं. अडकत अडकत.

मामांनी हात वर करून आरसा खाली केला. मागची सीट रिकामी. नुसतं चांदणं पडलेलं. पण आवाज होता. सीटच्या उजव्या कोपऱ्यातून. तिथेच बसला होता तो.

"कोण आहे?"

घर्रर्र...

मग थांबला. मामांनी श्वास सोडला. तोच पुन्हा आला. आता लांबून आल्यासारखा. मग पुन्हा थांबला... बराच वेळ. पुन्हा आला, बारीक. आणि मध्ये शांतता... ती शांतता वाढत चालली होती. पोरांनो, ज्या आवाजाने घाम फुटला होता, तोच आवाज आता यावा म्हणून मामा कान लावून बसले. ये रे. एकदा ये. घे श्वास.

...

...

घर्र.

डावीकडे दवाखान्याचा दिवा दिसला. मामांच्या तोंडून आपसूक गेलं, "आत घेऊ का?"

मामांनी गाडी आत घातली, हॉर्नवरचा हात उचलला नाही. नर्सबाई आणि स्ट्रेचरवाला धावत आले. बाईंनी मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकल्या.

"पेशंट कुठाय?"

मामांनी सीटच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"अहो, गाडी गेटातून आली तेव्हा ऐकलं ना मी. ती झोप नव्हे, श्वास बंद पडत चाललाय त्याचा. कुठाय तो?"

स्ट्रेचरवाला सीटखाली वाकून बघून आला. मग तिघंही उभे राहिले. ऐकत.

काही नाही...

बहीण तासभर बस स्टँडवर ताटकळली. सामानावर बसून तिने मामांचा जो उद्धार केला, तो मी सांगत नाही.

बुधवारी ते पिंजऱ्यात उभे राहिले. त्या माणसाच्या वकिलाने हसत विचारलं, "आरसा वर होता ना?"

"होता."

"म्हणजे तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"नाही पाहिलं. आरसा वर केला होता साहेब, कान नव्हते."

आणि मग सगळं सांगितलं. घोरणं, दवाखाना, सरळ चला. गाडी मीच चालवत होतो, हेही न विचारता सांगितलं. खाली उतरायच्या आधी पोराच्या आईकडे वळले. "ताई, शांत होता म्हणालो ते खोटं. श्वासासाठी झगडत होता तो. माझ्या पाठीमागे." बाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. न्यायाधीशांनीही मामांना मध्येच थांबवलं नाही.

पुढे निकाल लागला. पोराचं मरण त्या माणसाच्या माथी आलं, फार वर्षांसाठी आत गेला. मामांना कोर्टाने काही केलं नाही, पण त्यांनी रात्रीची गाडी कायमची सोडली. माझ्या मते त्यांना याहून मोठी शिक्षा नव्हती.

आता एवढंच राहिलं. त्या बुधवारी कोर्टात जायला मामांनी गाडीचं कुलूप उघडलं. काचा बंद, बाहेर कोरडं ऊन. आरसा रात्री खाली केला होता तसाच, मागच्या सीटकडे. आणि त्याच्यावर मधोमध वाफेचा गोल. कुणी अगदी जवळून श्वास सोडल्यासारखा. मामांनी पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. निकाल लागल्यावरही. शेवटी त्यांनी आरसा काढला आणि मला दिला. म्हणाले, "टाकवत नाही रे. तू लाव. फक्त वर फिरवू नकोस."

माझी गाडी ती, खांबाखाली उभी आहे ती. खोटं वाटतंय ना? ही घे किल्ली. हा कोरडा रुमाल घे. जा, पुसून ये.

...

आलास?

...

रुमाल दे इकडे.

ओला आहे.

हात लावून बघा सगळ्यांनी... अजून कोमट आहे.