कमळपक्ष्याचा बाप

मोजणीची साखळी रस्त्यात आडवी पडली होती, म्हणून वच्छलेला सायकलवरून उतरावं लागलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली त्या वर्षीचा आषाढ. दुर्गहून नव्या शाळेत शिकवायला ती निघाली होती. रिसालीच्या तळ्याकाठी साखळीचं टोक धरून उभा असलेला तरुण हळूच म्हणाला, "जरा थांबा जी. पाखरू अंड्यांवर बसून आहे."

पाण्यावरच्या पानांत लांब शेपटीचा कमळपक्षी बसला होता, अंगावर पावसाचे थेंब घेऊन.

"बिचारी माय," वच्छला म्हणाली.

"माय नाई जी. बाप आहे तो."

थट्टाच वाटली तिला. पण देवीदासनं – हे त्याचं नाव – खाली बघत सगळं सांगितलं. मादी अंडी घालते अन् दुसऱ्या नराकडे जाते, मग तिसऱ्याकडे. उबवायचं, पिल्लं वाढवायची, ते ज्याच्या त्या नरानं. पुस्तकातलं नव्हे; महिनाभर इथंच उभं राहून पाहिलेलं.

"अन् याले राग नाई येत?"

"येत असन... पण अंडे थंडे होतीन ना."

पुढे साखळी नसली तरी ती तिथं उतरू लागली. अंडी फुटली, पिल्लं पानांवरून धावू लागली. देवीदास पाखरांबद्दल घडाघडा बोले; स्वतःबद्दल विचारलं की गप्प. साकोलीकडचा आहे आणि खोलीवरच्या चौघांचा स्वयंपाक तोच करतो, एवढंच मोठ्या मुश्किलीनं कळलं.

पोळ्याच्या आधी तिनं सांगून टाकलं. नागपूरचं स्थळ आलंय. माणसं चांगली आहेत, पण लग्नानंतर नोकरी नको म्हणतात. रविवारी बाबा होकार कळवणार.

देवीदास काठावरून वर आला, तिच्या सायकलशी येऊन उभा राहिला.

"नोकरी नका सोडू," तो म्हणाला. "मी चारले सुटतो. स्वयंपाक येते मले. लेकरं पण... सांभाळीन."

"हे पाखराचं सांगून राहिले, का तुमचं?"

"माझं."

वच्छलेनं पदर खोचला, सायकल सरळ केली. "मले दुसरा-तिसरा नको. एकच पुरे."

त्याचे कान लाल झाले.

"शनिवारी या दुर्गले, आमच्या रेल्वेच्या क्वार्टरात. बाबा विचारतीन, पोराकडचं मोठं माणूस कावून नाई आलं? तर सांगा... पोरीनं बोलावलं."