शनिवारची अंगठी

पार्कच्या फाटकासमोर वाल्मिकने गाडी अशी काही वळवली, की मागे बसलेल्या अंबिका डहाळे दारावर आदळल्या.

"अरे, काय झालं?"

"रस्त्यात लिंबू-मिरची पडली हाय, मॅडम. त्यावरून चाक गेलं तर दुसऱ्याची पीडा आपल्या मागं."

"आणि माझं कोपर शेकायला कोण येणार?" अंबिकाबाई म्हणाल्या. तरी त्यांनी काचेतून वळून पाहिलं. मागची जीपही तिला वळसा घालूनच आत आली.

अंबिकाबाईंची राहुरीत खासगी तपासाची कचेरी होती आणि वाल्मिक त्यांचा ड्रायव्हर, मदतनीस, सगळंच होता. एरवी तो तपासाला निघाला की त्याला उत्साह यायचा. आज मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. चोरीचा आळ होता तो विमलबाईंवर. कोल्हारच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या तेव्हा वाल्मिकच्या अडलेल्या बायकोची सुटका त्यांनीच केली होती. त्यांची मुलगी सायली फोनवर इतकी रडत होती, की निम्मं बोलणं कळलंच नव्हतं.

नगर-मनमाड रस्त्यावरचा हा 'मौजमळा' पार्क. पाण्याच्या घसरगुंड्यांवरून पोरं किंचाळत होती. त्या ओरड्याला लागूनच बजरंगचं 'धग' नावाचं खाण्याचं ठिकाण होतं. निखाऱ्यांवर भाजलेलं खायचं, पत्र्याखाली बाकांवर बसून.

कोपऱ्यातल्या टेबलावर पनीरच्या काड्या गार होऊन पडल्या होत्या. त्यांच्याशेजारी विमलबाईंनी आपली पिशवी पालथी केली होती: चष्मा, रुमाल, गोळ्यांचं पाकीट, आणि होणाऱ्या जावयासाठी, शौनकसाठी आणलेला शर्टाच्या कापडाचा खोका. त्या कापडाकडे पाहून वाल्मिकला भडभडून आलं.

"बघा ताई, नीट बघा," विमलबाई म्हणाल्या. आवाज शांत होता.

शौनकने सगळं सांगितलं. दोन्ही घरं आज पहिल्यांदाच भेटत होती. शौनक संगमनेरचा, पिढीजात भिक्षुकीच्या घरातला. सायलीचं घर बौद्ध. वडील गेल्यावर शौनकला काकांनी, नारायणरावांनी वाढवलं. हे काका ना विमलबाईंच्या घरी जायला तयार होते, ना त्यांना आपल्या घरी बोलवायला. म्हणून मग हा पार्क.

"आम्हीपण सगळं शाकाहारीच मागवलं," सायली म्हणाली. "काकांना अवघडायला नको म्हणून."

नारायणराव समोर ताठ बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक, धोतर-कोट, आणि हातात बर्फाचा खडा. तो ते मधूनमधून ओठाच्या कडेला लावत होते.

"हात धुताना अंगठी काढून नळापाशी कठड्यावर ठेवली," ते म्हणाले. "विसरलो. परत गेलो तर नाही! माझ्यानंतर नळावर फक्त या गेल्या होत्या." विमलबाईंचं नावही त्यांनी घेतलं नाही. "चार वाजेपर्यंत वाट बघतो. नंतर पोलीस. आणि हे लग्नही विसरायचं."

सायलीने शौनककडे पाहिलं. शौनक खाली बघत होता. चारला अजून पाऊण तास होता.

"ओठाला काय झालं?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"पनीर खाताना भाजलं. काडी गरम होती."

वाल्मिकला तो चट्टा दिसला. ओठाच्या कोपऱ्यातून गालाकडे गेलेली सरळ, लाल रेघ. भाजलं ते बरंच झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

अंबिकाबाईंनी शौनकला बाजूला घेतलं. "अंगठी कसली?"

"नीलमची. शनीची. काका फार पाळतात तिचं. ती घालून मांसमच्छीला शिवायचं नाही. मी हॉस्टेलवर चिकन खाल्लं हे कळल्यावर महिनाभर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. अंघोळीला काढली तरी ती खाली ठेवत नाहीत, न्हाणीतल्या लोखंडी खिळ्याला अडकवतात."

"आज जेवताना ते उठले होते?"

"एकदा. फोन आला म्हणून मागच्या बाजूला गेले होते. हात धुऊन परत आले."

मग पाळी विमलबाईंची.

"मी नळावर गेले हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "हात धुतले, आले. अंगठी दिसली असती तर हाक मारून दिली असती. तीस वर्षं लोकांचे दागिने सांभाळलेत मी. ऑपरेशनला नेताना बायका मंगळसूत्र माझ्याच हातात द्यायच्या." इथे मात्र त्यांचा आवाज चिरकला. "पोरीचं मोडायला नको हो ताई. माझं काय बी होऊ द्या."

"वाल्मिक, हात धुऊन ये," अंबिकाबाई एकदम म्हणाल्या.

हे काय भलतंच? पण मॅडमचा हुकूम. नळ म्हणजे विटांवर ठेवलेला निळा गोल ड्रम, त्याला तोटी, खाली चिखल. वाल्मिकच्या हातात मोबाईल होता. तो कुठे ठेवावा कळेना, शेवटी दातांत धरून त्याने हात धुतले. अंबिकाबाई बघत उभ्या होत्या. हसल्या मात्र नाहीत.

मग त्या बजरंगकडे वळल्या. गडी निखाऱ्यापुढे घामाघूम झाला होता.

"ताई, माझ्याकडं पनीर, मका, मशरूम बांबूच्या काडीवर. रातभर पान्यात भिजवलेली असती, हाताला गारच लागती. चिकन लोखंडी सळईवर. याचं त्याला लागू देत न्हाई. एकदा इस्वास गेला की गिऱ्हाईक तुटलं."

"मागे दार कशाला?"

"कोळसा आनायला."

अंबिकाबाई मागे गेल्या. दाराशी स्टुलावर एका वाटीत लिंबाच्या फोडी, दुसरीत बडीशेप.

"कोळशाला बडीशेप लागते वाटतं?"

बजरंगने मान खाली घातली. "मागच्या दारी येनाऱ्याचं तोंड मी बघत न्हाई, ताई. कुनाचा शनिवार असतो, कुनाची माळ असती. सळई भाईर द्यायची, पैसं घ्यायचं. धंद्याचा नेम हाय."

दाराच्या चौकटीवर लोखंडी खिळा होता. त्याला तारेत ओवलेली लिंबू-मिरची लटकत होती, टवटवीत, हिरवीगार.

"आजचीच?"

"व्हय. सकाळीच बदलतो, पन आज लई गर्दी हुती. मघाशी जेवनं चालू असताना बदलली. जुनी चिमट्यानं उतरवायची, तिच्याकडं बघायचं न्हाई, रस्त्यावर टाकून मागं वळायचं न्हाई."

"आमचा आजा बी असंच करायचा," वाल्मिकने दुजोरा दिला. मग त्याला राहवलं नाही. "मॅडम, वेळ चाललीय. ह्या बजरंगचीच झडती घेऊ का? मला ह्याच्यावरच संशय हाय."

"तुला सगळं दिसलंय वाल्मिक. फाटकाशी तर तूच मला दाखवलंस," असं म्हणून त्या टेबलाकडे चालू लागल्या. वाल्मिकला ओ की ठो कळलं नाही.

चार वाजायला आले होते. नारायणराव उठून उभे राहिले.

"नारायणराव, बसा," अंबिकाबाई म्हणाल्या. "अंगठी कुठे काढली हे तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"सांगितलं की. नळाच्या कठड्यावर."

"नळाला कठडा नाही. गोल ड्रम आहे. माझ्या माणसाला साधा मोबाईल ठेवायला जागा मिळाली नाही. म्हणजे अंगठी तुम्ही दुसरीकडे काढलीत. आणि ती जागा अशी, की तिचं नाव घेण्यापेक्षा एका बाईला चोर ठरवणं तुम्हाला सोपं वाटलं."

नारायणरावांच्या हातातल्या बर्फाचं पाणी धोतरावर ठिबकत होतं.

"तुमचा ओठ भिजवलेल्या बांबूने भाजत नाही. अशी सरळ रेघ उठते ती तापलेल्या लोखंडाने, घाईघाईने तोंडात घातलेल्या सळईने. लोखंडी सळईवर इथे एकच गोष्ट भाजतात."

"काका?" शौनक म्हणाला.

"फोन आला नव्हता. तुम्ही मागच्या दारी गेलात. शनीची अंगठी घालून चिकनला शिवायचं नाही, म्हणून ती काढलीत. जमिनीवर ठेवायची नाही, लोखंडाला अडकवायची. चौकटीवर लोखंडी खिळा, त्यावर तारेतली लिंबू-मिरची. तिला तर कोणीच हात लावत नाही. तारेच्या आकड्यात अंगठी अडकवून निर्धास्त झालात. खाल्लंत, लिंबाने हात चोळलेत, बडीशेप चावलीत, आणि अंगठी विसरून टेबलावर आलात. आठवण झाली तेव्हा तार होती, अंगठी नव्हती. मग सांगणार कसं?"

"पण ती गेली कुठं?" वाल्मिक ओरडलाच.

"आज शनिवार, वाल्मिक. तार तीच नव्हती."

वाल्मिकने कपाळावर हात मारला. बजरंगने न बघता उतरवलेली, न बघता टाकलेली लिंबू-मिरची! जिच्यासाठी त्याने स्वतः मॅडमचं कोपर शेकायला लावलं होतं!

सगळे फाटकाकडे धावले. ती तिथेच होती, भर रस्त्यात, सुकलेली. दुपारभर शेकडो माणसं गेली असतील, पण एकानेही तिला पाय लावला नव्हता. मिरच्यांच्या देठांत काहीतरी निळं चमकत होतं.

सगळे थबकले. नारायणराव पुढे होईनात. बजरंग दोन पावलं मागे सरला. वाल्मिकने मनात दहादा स्वतःला बजावलं, की या बाईंनी तुझी लेक जगात आणली, वाक, उचल. त्याची कंबर काही वाकली नाही. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

विमलबाईंनी पदर खोचला, वाकल्या आणि लिंबू-मिरची उचलली. देठांतून अंगठी सोडवली, पदराने पुसली. बाकीचं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

नारायणरावांनी हात पुढे केला. "बाई, मी... मला तोंड दाखवायला जागा नव्हती हो."

"थांबा," विमलबाई म्हणाल्या. "आधी हात साबणानं धुऊन या. तुमच्या अंगठीला चिकनचा हात चालत न्हाई ना."

नारायणराव निमूटपणे ड्रमाकडे गेले. त्यांना एवढं वाकून चालताना शौनकने कधी पाहिलं नव्हतं. तो सायलीजवळ जाऊन उभा राहिला आणि विमलबाईंना म्हणाला, "आई, मी आधीच बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

"चुकलंच," विमलबाई म्हणाल्या.

नारायणराव परतले. ओले हात त्यांनी जोडले होते. विमलबाईंनी अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पुढची बोलणी कोल्हारला, आमच्या घरी," त्या म्हणाल्या. "चिकन करीन. खायचं तर खा, न्हाई तर नका खाऊ. पन या ते पुढच्या दारानं."