मॅन्युअलवर राहिलेलं पॅनेल

संग्रामची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझ्या हातात सीताफळ आइस्क्रीमचा डबा होता, आणि डब्यातलं आइस्क्रीम पातळ होत चाललं होतं.

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोअरेजची मी इनचार्ज. त्या दुपारी वॉचमन नागराजअण्णा "करंट होयतु, मॅडम!" म्हणत आले. वीज गेली ही पीण्यात काही बातमी नाही. जनरेटर आपोआप सुरू होतो. त्या दिवशी मात्र ढिम्म. मी जनरेटर चालू करणाऱ्या कंट्रोलरच्या कंपनीला फोन करून भांडले, आणि दोन गल्ल्या पलीकडून हा स्कूटरवरून हजर.

"तुमचा कंट्रोलर बिघडलाय," मी सुनावलं.

त्याने पॅनेलवरच्या छोट्या स्क्रीनकडे पाहिलं. एक बटण दाबलं. बाहेर इंजिन धडधडलं.

"बिघडला न्हाई ओ. मॅन्युअलवर होता. ऑटोवर असला की वीज गेल्यावर आपला आपण उठतो. मॅन्युअलवर टाकला की कुणीतरी हात लावायची वाट बघत बसतो. शनिवारची टेस्ट कुणी केली?"

"मी."

"मग परत ऑटोवर टाकायचं राहिलं. कारण?"

"कारण कशाला?"

"कारण सांगितल्याशिवाय आमच्यात तक्रारीचा कॉल बंद होत न्हाई."

"...मध्येच पुण्याहून आईचा फोन आला."

"विषय?"

"तोही रिपोर्टात लागतो?"

"रिपोर्टात न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. बोलण्याचं वळण निपाणीचं, चेहरा बँकेच्या कॅशिअरचा. माणूस वरवर दिसतो तितका साधा नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. विषय 'स्थळ' होता, पण मी तो सांगितला नाही.

वीज परत आली तरी गडी जाईना. त्याने मेन ब्रेकर खाली ओढला. खिडकी नसलेल्या त्या खोलीत काळोख झाला... आणि काहीच घडेना.

"आता का सुरू होत नाही?"

"खात्री करतोय. वीज खरंच गेली, का नुसती पापणी लवली. लगेच धावला तर दिवसभर धावतच बसंल."

मग जनरेटर सुरू झाला. ब्रेकर पूर्ववत करून निघताना त्याने 'ऑटो'च्या हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "ऑटो." घराला कुलूप लावल्यावर आपण ते ओढून बघतो ना, तसं.

त्यानंतर तो महिन्याच्या सर्व्हिसिंगला यायला हवा होता. येऊ लागला "इकडनं चाललो होतो" म्हणून. त्याच्या जमेच्या बाजू मी मनात मांडल्या होत्या— बोलताना फोन बघत नाही, नागराजअण्णांशी कानडीत हसतो, आइस्क्रीम दिलं तर पुन्हा मागत नाही पण डबा चाटूनपुसून साफ करतो. खर्चाची बाजू एकच. गाव, पगार, आईची गुडघेदुखी, सगळं त्याचं सांगून झालं होतं. मुद्द्याचं सोडून.

आणि एका गुरुवारी, कंट्रोलरच्या वायरी तपासता तपासता, पाठमोराच म्हणाला—

"पुण्याला बढती मिळतीय. संध्याकाळपर्यंत हो-न्हाई कळवायचं."

माझा जमाखर्च तिथेच कोलमडला. तोंडातून मात्र आलं, "अरे वा! पुणे चांगलंय. माझंच गाव."

"हां... चांगलंच असणार."

"मग अडचण काय?"

"अडचण कसली? नवीन माणूस येईल तुमच्याकडं. चांगला हाय."

त्याने पॅनेलचं दार लावलं, हत्यारांची बॅग उचलली आणि गेला. आइस्क्रीम नको म्हणाला. सीताफळ असून.

मी उगाच पॅनेलपाशी जाऊन उभी राहिले. हिरवा दिवा बंद. मॅन्युअल!

बोट ठेवून 'ऑटो' म्हटल्याशिवाय जो माणूस खोलीबाहेर पडत नाही, तो...

आधी मी फोटो काढला. मग ऑटोवर टाकलं. प्रेम आपल्या जागी, आइस्क्रीम आपल्या जागी. आणि मग त्याच्या मोबाइलवर नाही, कंपनीत फोन लावला. "तक्रार नोंदवायची आहे."

तो इतक्या लवकर परत आला की कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपुढे गेलाच नसावा.

"काय झालं मॅडम?"

मी फोटो दाखवला. त्याचे कान लाल झाले.

"हे... मी?"

"नवीन माणूस अजून यायचाय ना? कारण सांगा."

"लक्ष नव्हतं."

"एवढ्यावर कॉल बंद होत नाही. कुठे होतं लक्ष?"

त्याने स्वच्छ हात उगाचच फडक्याला पुसले. "तुम्ही 'पुणे चांगलंय' म्हणालात..."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"जाऊ नको म्हणायचं."

"विचारलंत का, जाऊ की नको?"

पुन्हा फडकं हातात! याची खात्री होईस्तोवर मी म्हातारी व्हायचे. मी सरळ मेन ब्रेकर खाली ओढला. मिट्ट काळोख.

"ओ मॅडम! काय करताय?"

"टेस्ट. जनरेटर सुरू व्हायच्या आत बोला. नंतर काही ऐकू यायचं नाही."

काळोखात हत्यारांची बॅग धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला इथंच ऱ्हायचंय... शाल्मली. तुझ्याजवळ."

आणि जनरेटर गरजला. दिवे लागले. समोर तो, कानांपासून गळ्यापर्यंत लाल. मी उत्तर दिलं.

"काय?" तो ओरडला.

"पुण्याला जायचंय म्हटलं!"

त्याचा चेहरा पडला.

"आईबाबांना भेटायला!" मी जीव तोडून ओरडले. "दोघांनी! रिटर्न तिकीट काढून!"

गेटवरून नागराजअण्णांनीच कानडीत होकार भरला, "सरी, मॅडम, सरी!"

संग्रामने आमच्या दारातूनच साहेबांना फोन करून 'न्हाई' कळवलं. ब्रेकर वर केला. सीताफळ संपवलं. निघताना हिरव्या दिव्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाला, "ऑटो."

तो गेल्यावर मी आत जाऊन दिवा बघून आले. आता त्याच्यावर विश्वास ठेवून चालणार नव्हतं.