बर्फाचे तीन खडे

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, धक्क्याला बांधलेल्या सहलीच्या बोटीत एक माणूस बेशुद्ध सापडला. त्याला रुग्णालयात हलवलं.

चार वाजता निरीक्षक बाई पोचल्या. फाटकावर पाटी होती : पहाटेपासून वीज बंद. बोटीसमोर त्या माणसाची बहीण भावजयीवर तोंडसुख घेत होती.

"हिनेच चहात काहीतरी कालवलं! डॉक्टरांनाही सांगितलंय मी."

"वन्सं, डोकं ठणकत होतं म्हणून बाजारात चक्कर मारायला गेले हो मी!" भावजय रडकुंडीला आली होती.

बाई खाली उतरल्या. इंजिन थंडगार. उघड्या खिडकीच्या चौकटीला बाहेरून ताजी काजळी. भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म रिकामा.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. या मोसमातला हा चौथा रिकामा अलार्म.

"बॅटरी कुणी काढली?"

"शेजारच्या कप्तानकाकांनी," भावजय म्हणाली. "सकाळपासून नुसता कोकलत होता. ते म्हणाले, बिघडलाय."

शेजारच्या बोटीवरून कप्तानकाका पाण्याचा ग्लास घेऊन आले. "घ्या बाई, घामाघूम झालात."

"तुमचा जनरेटर आज चालू होता?"

"छे! हातसुद्धा लावला नाही."

बाईंनी ग्लास हलवला. तीन खडे किणकिणले.

"वीज पहाटेपासून नाही. मग बर्फ कुठून आला?"

कप्तानकाकांची नजर आपल्या बोटीकडे वळली.

"चहात काही नव्हतं. तुमच्या जनरेटरचा धूर यांच्या खिडकीत जात होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिचं डोकं त्यानेच दुखलं. बाहेर पडली म्हणून वाचली. अलार्म बिघडला नव्हता, काका. तो खरं सांगत होता आणि तुम्ही त्याचंच तोंड बंद केलंत."

"हिच्या नवऱ्याची झोपमोड होत होती... मदतच केली मी."

"आणि जनरेटर?"

"आरडाओरडा ऐकून बंद केला. घाबरलो."

"घाबरलात! तिकडे डॉक्टर तासभर चहातलं विष शोधताहेत!" बाईंनी फोन कानाला लावलासुद्धा होता. "कार्बन मोनॉक्साइड आहे. शुद्ध प्राणवायू द्या. आत्ता!"

नणंदेने मान खाली घातली. भावजयीने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती फाटकाकडे पळत सुटली होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी रुग्णालयातून निरोप आला. रक्तात तोच वायू सापडला होता. प्राणवायू सुरू होता. रुग्ण अजून शुद्धीवर आलेला नव्हता.