बॅटरीच्या विश्रांतीचा तास

“सोळा! सतरा! अठरा!” तेओने भिंतीवरून उडीच मारली. “सहा बॅटऱ्या, प्रत्येकी तीनदा. मी जिंकलो! नारेताई, आइसक्रीम काढ!”

“अठरापर्यंत मोजता येतं म्हणून एवढा माज?” ग्युरी फिस्कारली. “बालवाडीतली पोरंही मोजतात!”

ओचांग गावातल्या चाचणी-प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, आतल्या आपट्या मोजत या तिघांची उन्हाळी सुट्टी अशी चालली होती. आत नारेचे आजोबा मोबाइलच्या बॅटऱ्या मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर टाकत. तिसऱ्या आपटीनंतर बॅटरीला एक तास विश्रांती द्यायची, शेजारी बसून दर वीस मिनिटांनी तिचं तापमान लिहायचं आणि मगच सही करायची, असा तिथला नियम होता. आतून दुखावलेली बॅटरी लगेच पेटतेच असं नाही. म्हणून तो तास.

बाराच्या ठोक्याला आजोबा बाहेर आले. “चला, नूडल्स निवतील!”

“आजोबा, त्यात बर्फ असतो!” तिघं एकदम ओरडली.

ग्युरीच्या आईच्या दुकानात आजोबांनी आपल्या वाडग्यातलं अर्धं अंडं नेहमीप्रमाणे नारेच्या वाडग्यात टाकलं. ती सोलहून वर्षाकाठी दोनच आठवडे येई. ग्युरीने तेवढ्यात फोटो टिपला.

परत येतात तोच तेओ किंचाळला, “धूर!”

आपटलेल्या बॅटऱ्या, आजच्याही आणि जुन्याही, वाळूच्या खोलीत ठेवत, तिथून पांढरा लोट निघत होता. आजोबांनी धावत जाऊन वाळूच्या दोन बादल्या ओतल्या. “जुनी असेल एखादी,” ते म्हणाले.

नारे आत गेली. आजोबांचे कागद क्रमाने लावणं हे तिचं सुट्टीतलं काम. आजचा कागद वरच होता. बारा वीस: सव्वीस अंश. बारा चाळीस: सव्वीस अंश. एक वाजता: सव्वीस अंश, दोष नाही. खाली सही.

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “एक अजून वाजायचाय.”

“एकतीस वर्षं त्या तासात काही घडलं नाही गं,” आजोबा म्हणाले. “मग वाटलं, तू आहेस तेवढे दिवस...”

एकतीस वर्षांत काही घडलं नाही, यावरून त्या तासात काही घडत नाही असं सिद्ध होत नाही, हे नारेला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. खोटी नोंद उघड झाली, तर त्यांचा सहीचा अधिकार कायमचा जाणार. उघड झाली नाही, तर संध्याकाळी प्रमाणपत्र निघणार आणि त्या प्रकारची बॅटरी मुलांच्या चाळीस हजार फोनांत बसणार.

धूर पाहून संचालिका प्योबाई आल्या. अठरा आपट्या, नूडल्स, धूर, सगळं तेओने एका दमात सांगितलं.

“वाळूत जुन्या बॅटऱ्याही असतात, बाळा,” त्या हसल्या. “पोरांनी बाहेर बसून मोजलेल्या आपट्यांवर प्रयोगशाळा चालते का? काय हो, तुम्ही तर इथेच बसला होता ना?”

आजोबा जमिनीकडे पाहत राहिले.

ग्युरीने फोन मागे लपवला. “नारे, नको ना!” ती कुजबुजली. नारेने तो तिच्या हातातून घेतला. फोटोवर वेळ होती: बारा वीस. आजोबा हसत होते, त्यांच्या चॉपस्टिक्समध्ये अर्धं अंडं होतं. नारेने फोन टेबलावर ठेवला आणि मग मात्र तिला कुणाकडे बघवेना.

दुपारी त्याच प्रकारच्या नव्या सहा बॅटऱ्या दुसऱ्या तंत्रज्ञाने टाकल्या. आजोबांना आत जायची परवानगी नव्हती. ते काचेबाहेरच्या बाकावर बसले आणि नारे त्यांच्या शेजारी.

चौथी बॅटरी आधी फुगली, मग तिच्यातून धूर आला.

“किती?” आजोबांनी विचारलं.

“त्रेचाळीस मिनिटं,” नारे म्हणाली.

“लिहून ठेव.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बरोबर मोजलंस, पोरी. माझ्याहून बरोबर.”

नारेला लिहिता येईना. कागद ओला होत होता.

“शाबास!” प्योबाई लगबगीने आल्या. “चाळीस हजार घरं वाचवलीत तुम्ही! प्रमाणपत्र थांबवलं. ती बॅटरी बाजारात जाणार नाही. बाळांनो, मघाशी मी हसले, ते चुकलंच माझं.” त्यांनी तिघांशी हात मिळवले. मग आवाज उतरवून त्या आजोबांना म्हणाल्या, “तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल.”

आजोबांनी मान डोलावली. पण काचेपलीकडे पाच बॅटऱ्या अजून शांत पडून होत्या. उरलेली सतरा मिनिटं ते जागचे हलले नाहीत.